सुट्या तक्रारींची बेरीज : ल्यूपस कसा ओळखावा



आजचा विषय फलकावर लागला तेव्हा दोघातिघांनी मला रस्त्यात थांबवून विचारले, की युनियनचा माणूस रोगावर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही वाचले ते वाचनालयाच्या बाकावर बसून आणि संपाच्या रिकाम्या दिवसांत. परंतु तीस वर्षे कामगारवस्तीत हिंडल्यावर एक गोष्ट ध्यानात आली आहे. रजेचा अर्ज, विम्याचा कागद, गैरहजेरीबद्दल आलेली नोटीस, यांच्या पाठीमागे पुष्कळदा एखादा आजार उभा असतो. तो वेळेवर ओळखला गेला नाही म्हणून नोकरी जाते, संसार उसवतो, कधी कधी माणूसही जाते. म्हणून मी हा विषय मागून घेतला. वैद्यकाची बाजू मी दोन डॉक्टर मित्रांकडून तपासून घेतली आहे. तरीही माझ्या बोलण्यावरून कोणी घरी बसून स्वतःचे निदान करावे असा माझा हेतू नाही. डॉक्टरकडे केव्हा जावे आणि गेल्यावर काय सांगावे, एवढीच माझी मर्यादा.

आजाराचे नाव ल्यूपस. पूर्ण नाव सिस्टेमिक ल्यूपस एरिथेमॅटोसस. ते इतके लांब आहे की डॉक्टर मंडळीही एस. एल. ई. एवढेच म्हणतात. ल्यूपस हा लॅटिन भाषेतला शब्द, त्याचा अर्थ लांडगा. तोंडावरच्या जखमा लांडग्याने लचका तोडल्यासारख्या दिसतात अशी जुन्या युरोपातल्या वैद्यांची कल्पना होती, आणि चेहऱ्याच्या निरनिराळ्या रोगांना ते हेच नाव देत असत. त्वचेच्या क्षयालाही ‘ल्यूपस व्हल्गॅरिस’ म्हणत. तो रोग वेगळा, हा वेगळा. १८५१ साली काझनाव्ह या फ्रेंच डॉक्टराने आपल्या रोगाला एरिथेमॅटस, म्हणजे लाली आणणारा, हे विशेषण जोडले. १८७२ साली व्हिएन्नाच्या कापोसी यांनी दाखवून दिले की हा नुसता कातडीचा रोग नव्हे; सांधे, फुप्फुसे, मेंदू येथपर्यंत तो पोचतो. नावाचा इतिहास एवढा पुरे.

शरीरात होते काय? बाहेरून येणाऱ्या जंतूंशी लढण्यासाठी आपल्या रक्तात एक संरक्षक फौज असते. कारखान्याच्या राखणीला ठेवलेले पहारेकरी एके दिवशी चोर सोडून आतल्या कामगारांनाच झोडपू लागले तर जे होईल, ते या रोगात होते. ती फौज आपल्याच अवयवांवर उलटते. आज सांध्यांवर, उद्या कातडीवर, परवा मूत्रपिंडावर. हा रोग संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने तो लागत नाही. तो कर्करोगही नव्हे. का होतो याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. रक्तातून आलेला कल असतो, स्त्रीच्या शरीरातल्या रसांचा काही संबंध असतो, कडक ऊन, काही औषधे, काही प्रकारची धूळ यांनी तो पेटतो. दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया, आणि त्याही बहुतेक पंधरा ते पंचेचाळीस या वयातल्या. घर, मूल, मजुरी, सासूसासऱ्यांचे दुखणे, सगळे जिच्या डोक्यावर असते नेमकी ती बाई. पुरुषांना होत नाही असे मात्र नाही. आणि हा बायकांचा रोग अशी समजूत पसरली की दहावा जो पुरुष, त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ल्यूपसची लक्षणे ओळखण्यात अडचण अशी, की त्यांतले एकही लक्षण एकट्याने काही सांगत नाही. आणि आपल्याकडे त्या प्रत्येकाला घरचे एक नाव तयार असते.

बोटांचे, मनगटांचे, गुडघ्यांचे सांधे दुखतात, सुजतात. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, पिठाचा गोळा हातात धरवत नाही. तासभर गेला की हात मोकळे होतात. याला आपण म्हणतो वात. किंवा म्हणतो, चिकुनगुन्या होऊन गेला, त्याचे उरले आहे. नाकाच्या दोन्ही बाजूंनी गालांवर, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा चट्टा उठतो. पुस्तकातल्या चित्रांत तो तांबडालाल दाखवतात, कारण ती चित्रे गोऱ्या माणसांची. आपल्या सावळ्या कातडीवर तो काळपट, जांभळट दिसतो, आणि म्हणून आपण त्याला वांग म्हणून मोकळे होतो. वांग आणि हा चट्टा यांतला फरक डॉक्टरने पाहावयाचा. पण दोन खुणा आपणही पाहू शकतो. उन्हात गेल्यावर तो भडकतो, जळजळतो, किंचित उंचावतो; आणि नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी जी घडी असते ती बहुधा तो सोडून देतो. तोंडात, विशेषतः टाळूला, फोड येतात. पुष्कळदा ते दुखतही नाहीत. आपण म्हणतो, तोंड आले, उष्णता झाली, गुलकंद खा. केस पुंजक्या-पुंजक्याने हातात येतात; त्याला बाळंतपणाचे कारण असते, नाहीतर बोअरच्या पाण्याचे. बारीक ताप येतो, आठ-आठ दिवस राहतो, कशानेच जात नाही. त्याला म्हणतो अंगात मुरलेला ताप. थंड पाण्यात हात घातला की बोटांची टोके पांढरी, मग निळी पडतात. खोल श्वास घेतला की बरगडीत कळ येते, तो गॅस. आणि या सगळ्यांवर एक थकवा, जो रात्रभर झोपूनही जात नाही. त्याला नाव काय? त्याचे नाव ‘कामचुकारपणा’. हे नाव सासू देते, मुकादम देतो आणि काही दिवसांनी ती बाई स्वतःच स्वतःला देऊ लागते.

सोलापूरच्या पूर्व भागात बिडी वळणाऱ्या स्त्रियांची मोठी वस्ती आहे. तेंदूची पाने भिजवायची, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायची, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा. हजार बिड्यांना मजुरी. हे काम सारे बोटांच्या पेरांवर चालते. तेव्हा बोटे दुखली तर बिडीने दुखली, यात कोणाला शंका येत नाही. या वस्तीतली एक सत्तावीस वर्षांची बाई. तिचे नाव सांगणार नाही. ती आजही तेथेच राहते. तिची बोटे सुजली तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरने दुखण्याच्या गोळ्या दिल्या. बोटे उतरली, पुन्हा सुजली. केस गेले, धाकटा मुलगा नुकताच झाला होता, त्यामुळे ते स्वाभाविकच वाटले. तोंडात फोड आले, दुसऱ्या दवाखान्यात ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळाल्या. ताप आला, टायफॉइडचे औषध झाले, सलाईन झाले. गालावर डाग आला, दुकानदाराने एक मलम दिले. छातीत दुखू लागले तेव्हा एका ठिकाणी क्षयाचे औषध सुरू झाले. पुढे पाय सुजले, तर रक्त कमी आहे म्हणून लोहाची बाटली मिळाली. एक लक्षात घ्या, यांतल्या कोणी तिला फसवले नाही. ज्याने जे पाहिले त्यावर त्याने औषध दिले. पण प्रत्येकाने एकच तुकडा पाहिला. सारे कागद तिने एका प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते. गरिबाच्या घरात कागद फेकत नाहीत. कल्याण मंडळाच्या एका अर्जासाठी आम्ही तिला सरकारी रुग्णालयात नेले, तेव्हा तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी ती पिशवी टेबलावर उपडी केली, कागद तारखेवार लावले आणि विचारले, “हे सगळे एकाच माणसाचे आहे ना?”

“होय हो, ताई,” ती म्हणाली, “पण दुखणी वेगवेगळी आहेत.”

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा तिची लघवी तपासायला पाठवली. लघवीतून प्रथिने वाहून जात होती. पुढे मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासला, तेव्हा मूत्रपिंडाला रोगाने धरल्याचे दिसले. पहिल्यांदा बोट सुजल्यापासून हे नाव कागदावर येईपर्यंत दोन वर्षे आठ महिने गेले होते. बाई आज बरी आहे म्हणजे औषधावर आहे, पूर्वीच्या निम्म्या बिड्या वळते, मुलगा नववीत आहे. मूत्रपिंडाची जी ताकद गेली ती मात्र परत आली नाही.

युनियनमध्ये आम्ही नव्या कार्यकर्त्याला पहिल्यांदा काय शिकवतो? खात्यात एकाचा ओव्हरटाइम बुडाला, दुसऱ्याची रजा नाकारली, तिसऱ्याला हातमोजे मिळाले नाहीत. प्रत्येकजण एकेकटा साहेबाकडे गेला तर त्याला एकेकटे उत्तर मिळते आणि तो परत येतो. त्या एका कागदावर, तारखांसह, लिहिल्या की मग साहेबाला दिसते की ही किरकोळ कुरकुर नव्हे. आजाराचेही तसेच आहे. घरात एक वही करावी. कोणत्या महिन्यात काय सुजले, किती दिवस राहिले, ताप किती होता, उन्हाने काय झाले, कोणते औषध घेतले. मोबाइलमध्ये चट्ट्याचा, सुजेचा फोटो काढून ठेवावा, कारण दवाखान्यात पाळी येईतो चट्टा मावळलेला असतो. आणि डॉक्टरपुढे बसल्यावर आज जे दुखते तेवढेच न सांगता, मागच्या दोन वर्षांत जे जे होऊन गेले ते सांगावे. डॉक्टरला वेळ नसतो हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ते लिहिलेले असावे.

याचा अर्थ प्रत्येक सांधेदुखीला ल्यूपस समजून धावत सुटावे असा नव्हे. येथून पुण्याच्या रस्त्यावर भिगवण गाव आहे. तेथे १९९६ साली डॉक्टरांच्या एका पथकाने घरोघर जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी केली. मोठ्या माणसांत शंभरांपैकी सुमारे अठरा जणांना काही ना काही दुखणे निघाले. त्यांतले फारच थोडे या जातीच्या आजाराचे होते, बाकी कष्टाचे, झिजेचे. म्हणजे दुखणे सार्वत्रिक आहे आणि ल्यूपस विरळा आहे. गंमत अशी की विरळा असल्यामुळेच तो या गर्दीत लपतो. म्हणून मोजमाप ठेवावे. सांध्यांची सूज सहा आठवड्यांच्या वर टिकली, किंवा मी सांगितलेल्या तक्रारींपैकी दोन-तीन एकाच व्यक्तीत, एकदम किंवा पाठोपाठ दिसल्या, तर गल्लीतल्या गोळ्यांवर थांबू नये. फिजिशियनकडे, म्हणजे एम. डी. मेडिसिन डॉक्टरकडे, जावे. तालुक्याला नसेल तर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मेडिसिनच्या ओपीडीत जावे. या रोगांचे खास तज्ज्ञ, ज्यांना ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट म्हणतात, ते थोडे आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. त्यांच्याकडे कोणाला पाठवावयाचे ते फिजिशियन ठरवील. तरुण बाईचा रक्तदाब कारणाशिवाय वाढलेला निघाला, किंवा दोन-तीन गर्भ पाठोपाठ पडले, तरी ही शंका मनात आणावयास हवी. गर्भपाताचा संबंध अशासाठी, की या रोगात काहींच्या रक्तात गाठी धरण्याचा दोष असतो. अशा बाईला आपल्याकडे कोणकोणते बोल ऐकावे लागतात ते भगिनींना मी सांगायला नको.

लघवीच्या तपासणीवर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यांत मोठे नुकसान तेथे होते आणि गुपचूप होते. ल्यूपसच्या दर दहा रुग्णांत सुमारे चौघांना केव्हा ना केव्हा मूत्रपिंडाचा त्रास होतो. सुरुवातीला मूत्रपिंड दुखत नाही, लघवी नेहमीसारखी होते, बाई कामावर जाते. लघवीला साबणासारखा फेस येऊन तो लवकर विरत नाही, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते, संध्याकाळी पैंजण रुतू लागते, तोवर बरेच आत घडून गेलेले असते. पाय सुजणे हे आपल्याकडे अशक्तपणाचे लक्षण समजतात आणि त्यावर बीट-गाजर देतात. बीट-गाजर अवश्य खावे. पण आधी लघवी तपासावी. ही तपासणी अगदी स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यातही होते. डॉक्टरने सांगितली नाही तर आपण नम्रपणे विचारावे, “डॉक्टरसाहेब, लघवी एकदा बघायची का?” आणि ज्याला ल्यूपस असल्याचे ठरले आहे त्याने बरे वाटत असतानाही ती दर काही महिन्यांनी करत राहावी. बरे वाटणे हा येथे पुरावा नव्हे.

काही गोष्टींना वही-फोटो करत बसायचे नाही, त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठायचे. छातीत जोराची कळ किंवा दम लागणे. फिट येणे, असंबद्ध बोलणे, एकाएकी माणसे न ओळखणे. आपल्याकडे अशा वेळी पहिल्यांदा देवऋष्याकडे नेतात, तेथे जे तास जातात ते मेंदूचे जातात. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, अचानक न दिसणे. एकच पाय सुजून दुखणे, कारण त्यात रक्ताची गाठ असू शकते. अंगावर जांभळे ठिपके उठणे किंवा रक्त न थांबणे. लघवी अगदी कमी होऊन अंग सुजणे. आणि जो रुग्ण स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत आहे त्याला थंडी वाजून ताप भरणे. या माणसाचा ताप साधा समजायचा नाही.

रक्ताच्या तपासण्यांविषयी एक इशारा. ए. एन. ए. नावाची एक तपासणी आहे. ल्यूपसच्या जवळजवळ सर्व रुग्णांत ती पॉझिटिव्ह येते. पण तिचे उलटे खरे नाही. धडधाकट माणसांतही ती पॉझिटिव्ह येते, एकास एकशेसाठ या प्रमाणालासुद्धा शंभरांत पाचांच्या आसपास. पॅथॉलॉजीच्या तपासण्यांचे पॅकेज घेणारे लोक हल्ली वाढले आहेत. कागदावर पॉझिटिव्ह छापून आले म्हणून एका मुलीचे ठरलेले लग्न थांबवल्याचे मी ऐकले आहे, आणि मुलीला आजार कोणताच नव्हता. तक्रारी, अंगावरची लक्षणे, रक्तातल्या पेशींची मोजणी, लघवी, आणि मग डी. एस. डी. एन. ए.सारख्या खास तपासण्या, असे सगळे जुळवून निदान होते. एका कागदाने होत नाही.

आता उपचार. पूर्वी या रोगाचे नाव म्हणजे जवळपास निकालच असे. १९५५ साली अमेरिकेत रुग्णांचा हिशेब मांडला गेला, त्यात निदानानंतर चार वर्षांनी जेमतेम निम्मे जिवंत होते. फ्लॅनरी ओकॉनर ही तिकडची नामांकित कथालेखिका. तिचे वडील १९४१ साली ल्यूपसने गेले आणि ती स्वतः १९६४ साली, एकोणचाळिसाव्या वर्षी गेली. कॉर्टिसोन हे औषध तेव्हा नुकतेच हाती आले होते. त्या कामाबद्दल हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज वेळेवर निदान झाले आणि औषध नीट चालले तर दहांतले नऊ रुग्ण दहा वर्षांच्या पुढे जातात, आणि त्यांतले पुष्कळ साधारण आयुष्य जगतात. रोग मुळासकट जात नाही. मधुमेहाप्रमाणे त्याला ताब्यात ठेवावे लागते.

त्यातले पायाचे औषध हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. हे मूळचे हिवतापाच्या वर्गातले. आपल्या देशात ते तयार होते, आणि एक गोळी चहाच्या कपाहून महाग नाही. वजन पाहून डॉक्टर मात्रा ठरवतात. वर्षानुवर्षे घ्यावयाचे असल्यामुळे डोळ्यांचा पडदा अधूनमधून तपासून घ्यावा लागतो. हे औषध २०२० साली एकाएकी साऱ्या जगाला ठाऊक झाले. मार्चमध्ये करोनावर ते चालेल अशी हवा उठली, २२ मार्चला आरोग्यसेवकांनी ते घ्यावे अशी शिफारस निघाली, आणि ज्याला त्याला ते घरात हवेसे झाले. सरकारने २५ मार्चला निर्यात थांबवली, लगोलग चिठ्ठीशिवाय विक्रीवर निर्बंध घातले. तरी टाळेबंदीत ल्यूपसच्या बायका या दुकानातून त्या दुकानात हिंडत होत्या. पुढे करोनावर ते निरुपयोगी ठरले. ज्यांना त्याची खरी गरज होती त्यांची रांग मोडून बाकीच्यांनी ते नेले, हे मला आजही बोचते. औषध असो की रेशन, टंचाईच्या दिवसांत रांगेच्या शेवटी कोण उभे असते ते आपण सारे जाणतो.

स्टेरॉइडविषयी लोकांत दोन टोके दिसतात. एक म्हणतो ते विष आहे, दुसरा नकळत रोज खातो. आठवड्याच्या बाजारात सांधेदुखीच्या पुड्या मिळतात, ‘शुद्ध जडीबुटी’ म्हणून. दोन पुड्यांत बाई नाचायला लागते. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले पुष्कळदा सापडले आहे. मग चेहरा चंद्रासारखा गोल होतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि मूळ रोग आतल्या आत चालूच राहतो. उलट, डॉक्टरने मोजून दिलेले स्टेरॉइड रोग भडकलेला असताना मूत्रपिंड वाचवते, जीव वाचवते. ते मनाने एकदम बंद करू नये. बाहेरून मिळते म्हणून शरीराने स्वतःचे स्टेरॉइड तयार करणे थांबवलेले असते. एकाएकी तोडले तर माणूस कोसळतो. त्याची मात्रा डॉक्टरच हळूहळू उतरवतात. गोळ्या संपल्या, मजुरी शनिवारी मिळणार, म्हणून चार दिवस बंद, हे आमच्या वस्तीत सर्रास चालते. या एका औषधाच्या बाबतीत शेजाऱ्याकडून उसने घ्या पण खंड पाडू नका.

उन्हाविषयी वेगळे सांगायला हवे का? वैशाखातले आपले ऊन आपण जाणतो. रुग्णाने दहा ते चार बाहेरचे काम टाळावे, छत्री, डोक्यावरून पदर, पूर्ण बाह्या वापराव्यात. हे सांगणे सोपे आहे. ऊसतोडीला जाणारी बाई दहा ते चार घरी कशी बसेल? रोजगार हमीवरची? तेथे डॉक्टरचा सल्ला संपतो आणि आमचे काम सुरू होते. सावलीतले काम, पहाटेची पाळी, हे मागून मिळू शकते. पण त्यासाठी आजाराचे नाव प्रमाणपत्रावर स्पष्ट असावे लागते. ‘अशक्तपणा’ असा शेरा मारलेले प्रमाणपत्र कोणत्याही साहेबापुढे टिकत नाही. जे कर्मचारी राज्य विमा योजनेत आहेत त्यांना अटी पुऱ्या केल्यास आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, मजुरीच्या ७० टक्के दराने भत्ता मिळतो; तो भीक नव्हे, आपल्या वर्गणीचा आहे. घरी बसून बिडी वळणारीला हे कवच सहसा नसते, आणि हा आमचा जुना झगडा आहे. त्यावर आज बोलत नाही. फाउंड्री, खडीक्रशर, दगडाच्या खाणी येथल्या मित्रांना मात्र एक सांगतो. वाळू-दगडाच्या बारीक धुळीने, सिलिकाने, फुप्फुसाचा सिलिकोसिस होतो हे आपल्याला ठाऊक आहे. तीच धूळ ल्यूपसचा धोकाही वाढवते असे निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसून आले आहे. तेव्हा अशा ठिकाणच्या कामगाराने, तो पुरुष असला तरी, डॉक्टरला आपला धंदा आवर्जून सांगावा. डॉक्टर विचारतीलच असे नाही.

शेवटी लग्नाचा आणि मुलाबाळांचा प्रश्न, कारण तो मला सभेनंतर बाजूला घेऊन नेहमी विचारला जातो. ल्यूपस असलेल्या स्त्रीला लग्न करता येते, मुले होतात. मात्र गरोदरपण ठरवून असावे. रोग निदान सहा महिने शांत असावा, काही औषधे आधी बदलावी लागतात, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन बहुधा चालूच ठेवतात, आणि बाळंतपण मोठ्या रुग्णालयात व्हावे. सोयरिकीच्या वेळी आजार लपवला की सासरी गोळ्याही लपवून घ्याव्या लागतात, आणि लपवलेली गोळी चुकते. ती चुकली की काय होते ते मी सांगितलेच आहे. आईबापांनी मुलाकडच्यांना सरळ सांगावे. जे नाही म्हणतील ते म्हणोत.

वही कशी करावी त्याचा एक नमुना मी लिहून आणला आहे; बाहेर चपलांच्या रॅकजवळच्या टेबलावर प्रती ठेवल्या आहेत, ज्यांना हव्या त्यांनी न्याव्यात. लघवीच्या तपासणीसाठी नमुना सकाळचा पहिला असावा आणि बाटली दवाखान्यातून मिळते ती स्वच्छ घ्यावी, घरातली औषधाची धुतलेली बाटली नेऊ नये, एवढे त्यात लिहायचे राहिले होते ते तोंडी सांगतो.